तीन पायांची खुर्ची

सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट थोरल्या सुनेनं उभी केली, वर्षानुवर्षं एकटीनं सांभाळली, पण तिला कुणी कधी शाबास म्हटलं नाही. धाकटी जाऊ घरात आली, तिनं तीच साइट नव्यानं सजवली, आणि सासरे आल्यागेल्याला मोबाइल काढून दाखवू लागले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातही सगळ्यात जास्त कौतुक झालं ते कुठल्या पानाचं, तर जे पान नाहीच त्याचं. साइटवर नसलेलं पान कुणी उघडलं, की धाकटीनं काढलेली तीन पायांची खुर्ची दिसायची आणि खाली लिहिलेलं असायचं, 'हे पान सापडत नाही. आम्हाला कळलंय.' आणि खरंच, कुठलं पान मागितलं, कुठल्या कॉम्प्युटरवरून मागितलं, याचा निरोप धाकटीच्या मोबाइलवर जायचा. तुटलेल्या लिंका कळाव्यात म्हणून ही सोय.

थोरलीचं खुर्ची-दुरुस्तीचं पान नव्या साइटवर यायचं राहूनच गेलं होतं. थोरलीला ते पहिल्याच दिवशी दिसलं, पण ती मूग गिळून बसली. गिऱ्हाइकं शोधतील, बोंबलतील, मग बाईसाहेबांचं पितळ उघडं पडेल. पण धीर कुणाला? दुकानाच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसून ती रोज त्या पानाचा जुना पत्ता टाकून बघायची. लंगडी खुर्ची दिसली की जिवाला गार वाटायचं. मग पुन्हा एकदा बघायची.

एके दुपारी जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, दुरुस्तीचं पान फार शोधलं जातंय. माझ्याकडूनच राहिलं. ते ताईंनीच परत लिहावं, मला त्यांच्यासारखं जमायचं नाही."

सासरे थोरलीकडे वळले. "बघ, लोकांना तुझंच पान हवंय. शाबास."

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मागाहून भांडी आवरताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण कोण शोधत होतं गं?"

धाकटी ताट पुसत राहिली. "मागच्या खोलीतला कॉम्प्युटर," ती हळूच म्हणाली. "दुसरं कुणीच नाही. बाबांना तेवढं सांगितलं नाही मी."

थोरलीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. ही भांडली असती, चारचौघांत हसली असती, तर सोपं होतं. साइट नेली, सासरे नेले, आता मोठेपणाही हिनंच नेला.

"उद्या देते लिहून," थोरली म्हणाली. धाकटीचा इतका हेवा तिला आजवर कधीच वाटला नव्हता.