उपडा ठेवलेला फ्लास्क

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आई गेली, तिलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पनवेलच्या एका छोट्या लॅबमध्ये मी पाणी तपासते. काचेची भांडी धुवायला गव्हाणच्या काकी होत्या. फॉस्फेट तपासताना फ्लास्कमध्ये निळा रंग येतो आणि तो काचेला असा धरून बसतो की सुटता सुटत नाही. त्याला भांडी घासायची पावडर चालत नाही—पावडरीतच फॉस्फेट असू शकतं. आम्लात भिजत घालायचं, वाट बघायची, शुद्ध पाण्याने विसळायचं. काकी ओलं बोट फिरवायच्या. काच करकरली की फ्लास्क उपडा. उपडा म्हणजे धुतलेला, पुन्हा कुणी बघायचं नाही.

एका शुक्रवारी काकी गेल्यावर एक फ्लास्क मलाच धुवायचा होता, आणि मला निघायची घाई होती. घाई कसली? नवीन पनवेलच्या खोलीवर माझी वाट बघणारं होतं तरी कोण? तरीही मी पावडर लावली, ब्रशने खसाखसा घासलं, जरासं विसळलं—आणि फ्लास्क उपडा ठेवला.

सोमवारी नेऱ्याच्या एका विहिरीच्या पाण्यात भलतंच फॉस्फेट निघालं. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तपासलं, तर काहीच नाही. लॅबच्या सरांनी विचारलं, पावडर कुणी लावली?

"मी नाय लावली. मी कदी लावतच नाय," काकी म्हणाल्या.

आणि मी—नुसती गप्प बसले असते, तर निदान भित्री ठरले असते. मी म्हणाले, "सर, काकींना हल्ली नीट दिसत नाही."

ते खरं होतं. म्हणून तर खपलं. डोळ्यांपुढे धुरकट येतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं, डबा खाताना, कुणाला बोलू नको म्हणून. पण काच त्या बोटाने पारखायच्या, डोळ्यांनी नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

काकींना त्याच दिवशी काढलं. आता भांडी मीच धुते, डबाही एकटीच खाते. फार एकटं वाटतं.

एक राहिलं. जाताना काकी दारात थांबल्या. सर शेजारीच उभे होते.

"बाय, डोल्यांचं मी तुला एकटीलाच सांगितलेलं ना गं?"

मी म्हणाले, "कधी, काकी?"