मनकर्णाबाई आणि इंजिनाचं हँडल

मनकर्णाबाईच्या उजव्या हाताला तीन बोटं कमी होती. इंजिनानं नेली, असं लोक सांगतात. इंजिनाला उगाच बदनाम करू नका. त्यात मॅनेजर गुणवंतरावांचा वाटा आहे, आणि गिरणीतल्या आम्हा सात बायकांचाही. मी त्यातलीच एक, प्रेमिला. मला आजही स्वतःची चीड येते.

गोष्ट चोपन्न सालची, नागभीडच्या धानगिरणीतली. गिरणीत यंत्राच्या पट्ट्यांखाली एक खड्डा होता. कोंडा साचला की इंजिन बंद व्हायचं आणि आमच्यातली एक जण खाली उतरून तो उपसायची. इंजिन भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत, आणि तिथे इस्तारी ते चालवायला. त्याला खड्डा दिसत नसे, आमची हाकही ऐकू जात नसे. एकदा कमळा खाली असतानाच त्यानं इंजिन सुरू केलं. लुगडं फाटलं, कमळा कशीबशी वाचली.

मग गुणवंतरावांनी इंजिनाशेजारी एक फळी ठोकली. तिच्यावर आठ खिळे, एकेकीचा एकेक. खाली उतरण्याआधी हातातली एक बांगडी आपल्या खिळ्याला अडकवायची, वर आलं की काढून घ्यायची. बांगडी दिसली तर इस्तारीनं हँडलला हात लावायचा नाही.

"सवाशीण बांगडी विसरंल काय?" गुणवंतराव येईल त्याला विचारत. डोकं चाललं होतं त्यांचं, नाकारत नाही. दोन वर्षं कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग मनकर्णाबाईचा नवरा हिवतापानं गेला. तेरवी आटोपून ती कामावर आली ती मोकळ्या हातांनी.

"भाऊ, माह्या खिळ्याले आता चिंधी बांधू काय?" तिनं गुणवंतरावांना विचारलं.

ते आमच्याकडे बघायला लागले. वच्छला पुटपुटली, "आमच्या बांगड्याईच्या बाजूले तिची चिंधी? नाई बाई, अपशकून होते."

सगळ्या गप्प. मीही गप्प. जिच्या शेजारी बसून रोज भाकर खाल्ली, तिच्यासाठी माझी जीभ उचलली नाही. गुणवंतरावांनी पक्कड आणली आणि तिचा खिळा उपटला.

"तू उतरताना मले सांगत जा. मी इस्तारीले सांगीन," ते म्हणाले.

महिनाभर त्यांनी सांगितलं. एका दुपारी तांदळाचा व्यापारी आला होता. मनकर्णाबाईनं उतरताना सांगितलं, गुणवंतरावांनी बोलता बोलता मान हलवली आणि विसरले. इस्तारीनं फळी पाहिली. सात खिळे, साती रिकामे. त्यानं हँडल फिरवलं.

"मी फळी पाह्यली होती, बाई," इस्तारी पुढे कित्येक दिवस म्हणत राहिला. फळीवर मनकर्णाबाई नव्हतीच, तर त्याला दिसणार कुठून?

दोन महिन्यांनी ती परत आली. गुणवंतराव मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तू आता वरतीच बसून तांदूळ निवड." तिनं ऐकलंच नाही. सरळ इंजिनाच्या खोलीत गेली आणि इंजिन सुरू करताना लावायचं ते सुटं लोखंडी हँडल डाव्या हातानं उचललं.

"हँडल कुठी नेऊन राह्यली?" गुणवंतराव ओरडले.

"खड्ड्यात."

"मंग इंजिन सुरू कसं होईन?"

"नाईच होनार! मी वर येईन तवा होईन. तुमच्या फळीले मी नको होती ना? आता त्या इंजिनाले माही वाट पाहू द्या!"

"कामावरून काढून टाकीन!"

"काढा. पन हँडल घ्याले आंधी खड्ड्यात उतरा."

ते उतरले नाहीत. कोंडा उपसून होईपर्यंत काठावर पाय आपटत उभे राहिले. आम्हाला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी वच्छलाची होती. ती सवयीनं बांगडी काढत फळीकडे निघाली. मनकर्णाबाईनं तिला अडवलं आणि हँडल तिच्या हातात ठेवलं.

"घे. बांगडी हातातच राहू दे."

वच्छलाला तिच्याकडे बघवेना. हँडल छातीशी धरून ती खड्ड्यात उतरली.