तिच्या नावापुढे ‘बाकी’ होतं

माझ्या साडूने माझ्या बायकोला फसवलं. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, ती कामावर चहाच्या सुट्टीत बसलेली असताना, त्याने एका व्हॉइस मेसेजमध्ये तिला सिनेमाचा शेवट सांगून टाकला. आमची तिकिटं बुधवारची होती आणि हे त्याला माहीत होतं. एवढ्यावर थांबला असता तर मी चार शिव्या देऊन विषय संपवला असता. त्याने आणखी एक केलं, ते याहून वाईट आहे. ते समजायला आधी आमचा ग्रुप समजला पाहिजे.

ग्रुपमध्ये नऊ घरं आहेत. सगळी खानदेशातली, सगळी कधीतरी सुरतेत बमरोलीच्या एकाच चाळीत राहिलेली. पुरुष लूमवर होते, बायका घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायच्या. आता सगळे पांगलेत. साडू कोसाडला राहायला गेला, एक जण चलथाणच्या बाजूला साखर कारखान्यात लागला, मी लूम सोडून लेस-पट्टीचं दुकान टाकलं. ग्रुपवर लग्नपत्रिका येतात, दहावीचे निकाल येतात, पण ग्रुप खरा जिवंत होतो तो नवा सिनेमा लागला की.

सुरतेत सगळ्यांची सुट्टी एका दिवशी नसते. कुणाच्या भागातले कारखाने रविवारी बंद, कुणाचे मंगळवारी, कुणाचे बुधवारी. त्यामुळे एकच सिनेमा आमची नऊ घरं आठवडाभर पाहत असतात. म्हणून नियम केला. ग्रुपवर नावांची यादी फिरते. पाहून आलेला आपल्या नावापुढे ‘पाहिला’ लिहितो, राहिलेल्यांच्या नावापुढे ‘बाकी’ असतं. शेवटचं ‘बाकी’ पुसलं जात नाही तोवर गोष्टीबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही. गाणी, मारामारी, थिएटरातला समोसा, यावर काय ते बोला. शेवटचं ‘बाकी’ गेलं की मग मोकळं रान. त्या दिवशी ग्रुपवर जी जुंपते तिची मजा सिनेमापेक्षा जास्त असते.

नियम माझा आहे, ॲडमिनही मीच आहे. पण तो नियम मी बायकोकडून शिकलो.

मुलगी लहान असताना आम्ही दोघं एकत्र सिनेमाला जाऊच शकत नव्हतो. एकाने पोरीजवळ थांबायचं, दुसऱ्याने जायचं. या आठवड्यात मी, पुढच्या आठवड्यात ती. मी पाहून आलो की ती काही विचारायची नाही. मी भाकरी खाताना तिच्या तोंडाकडे बघायचो, पण सांगायचं नाही. आठ दिवसांनी ती पाहून यायची आणि चप्पल काढायच्या आतच बोलायला सुरुवात व्हायची. एकदा ती निघताना मी फक्त एवढंच म्हणालो की रुमाल घेऊन जा. ती परत आली ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, सगळा सिनेमाभर मी रडायचं कधी याचीच वाट बघत बसले. तेव्हापासून माझ्या लेखी इशारासुद्धा सांगण्यातच धरला जातो.

साडूला याची कधी अक्कल आली नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने एका सिनेमाबद्दल ग्रुपवर लिहिलं की डॉक्टरवर लक्ष ठेवा रे. पाच घरं बाकी होती. मी त्याला सगळ्यांसमोर माफी मागायला लावली आणि महिनाभर त्याचं तोंड बंद केलं, म्हणजे ग्रुपवर लिहिता येणार नाही असं करून ठेवलं. लोक म्हणाले, जरा जास्त झालं. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो मात्र ते विसरला नव्हता.

आता हा सिनेमा. नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगतो. पहिला भाग तीन वर्षांपूर्वी आला होता. दोन भाऊ, एकाच चणीचे. शेवटी घर पेटतं, एकच भाऊ बाहेर येतो, तोंडाला पट्ट्या, आवाज गेलेला. तो थोरल्याच्या नावाने जगायला लागतो आणि तिथे सिनेमा संपतो. बाहेर आला तो थोरला की धाकटा, हे तीन वर्षं कुणाला माहीत नव्हतं. आमच्या ग्रुपवर सात घरं एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला माझी बायको, एकटी. नववं घर चलथाणचं, ते म्हणायचं, दाखवतील तेव्हा बघू.

तिने कारणही दिलं होतं. आगीच्या आधी एका प्रसंगात एक भाऊ दोराची गाठ मारतो आणि आगीनंतर बाहेर आलेला भाऊ पट्ट्या बांधलेल्या हातांनी तशीच गाठ मारतो. ही बाई अकरा वर्षं बमरोलीच्या एका कारखान्यात कापडाचं चेकिंग करते. टेबलावरून कापड सरकत असतं आणि एक तुटलेला धागा हिला दिसतो. तिला गाठ दिसली होती, बाकी कुणाला दिसली नव्हती. साडू सगळ्यांत जास्त हसला. लग्नात, बारशात, कुठेही भेटला की विचारायचा, “काय ताई, गाठ सुटली का?” आणि चार माणसं हसायची. ती म्हणायची, दुसरा भाग येऊ दे.

दुसरा भाग आला. साडूची सुट्टी रविवारी, तो रविवारी पाहून आला. हिची सुट्टी बुधवारी. मी दुकान बंद ठेवणार होतो, तिकिटं काढून ठेवली होती.

सोमवारी त्याचा मेसेज आला, ग्रुपवरच, पण तिला उद्देशून. लिहिलेला असता तर तिने पहिला शब्द वाचून फोन उलटा ठेवला असता. आम्ही सगळे तेच करतो. बोललेल्या मेसेजचं तसं नाही, पुढे काय आहे ते दिसत नाही. हे त्याने बरोबर हेरलं. सुरुवात केली ती तिच्या गुडघ्यापासून. ताई, गुडघा कसा आहे, तेल लावता का, अमुक वैद्याकडे जाऊन या, आणि त्याच श्वासात, त्याच सुरात, बाहेर आलेला भाऊ कोण ते सांगून मोकळा झाला. आणि मग म्हणाला, “मी तर तीन वर्षं हेच सांगत होतो.”

सुरुवातीला म्हटलेलं ते दुसरं हे. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. तीन वर्षं जिच्यावर हसला तिचा अंदाज याने उचलला, आपल्या नावावर केला आणि तिच्याच कानात ओतला. चेकिंगच्या टेबलाभोवती सात बायका चहा पीत होत्या, फोनचा आवाज मोठा होता. त्यांनाही वाटलं असेल, हिचा मेहुणा किती हुशार.

मी दुकानात होतो. मीही तो ऐकला. समोर एक बाई लेसचा भाव पाडत उभी होती. मी तिला ती सांगेल त्या भावात देऊन टाकली. माझ्या धंद्यात असं पहिल्यांदा घडलं.

संध्याकाळी बायको घरी आली. तिने हातपाय धुतले, डाळ चढवली. मी बुधवारचं काढलं तेव्हा तिने पाठ न वळवता विचारलं, “आते काय देखानं?” आता काय पाहायचं राहिलं. घरात चिडली तर ती मोठ्याने बोलते. त्या दिवशी हळू बोलली.

मी गाडी काढली आणि कोसाडला गेलो. साडू पंख्याखाली बनियनवर बसला होता. मेहुणीने पाणी आणलं आणि माझा चेहरा बघून आत गेली.

“डिलीट केलं ना, दादा,” तो मी बसायच्या आत म्हणाला.

“तिने ऐकल्यावर.”

“मग आता काय तिच्या कानातून काढू?”

मी त्याला सांगितलं की मी भावतोल करायला आलेलो नाही, दोन गोष्टी हव्यात. ग्रुपवर माफी, आणि हा अंदाज ताईंचा होता असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. तो पाय हलवत ऐकत होता. मग म्हणाला, पावणेतीन तासांचा सिनेमा आहे, शेवट दोन मिनिटांचा, उरलेला सगळा तुमचाच. वर म्हणाला की ताई बाकी आहेत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं, यादी कोण रोज बघतं.

“आणि अंदाज?”

“अंदाज काय, सगळेच करत होते. गोष्ट सांगितली दादा, घर नाही जाळलं तुमचं.”

माफी मागतो म्हणाला, पण अट घातली. आधी मी दोन वर्षांपूर्वीच्या महिन्याची माफी मागायची. हिशेब बरोबर, चालशे, चालेल ना, असं म्हणून हात पुढे केला. मी आयुष्यभर भाव तोडत आलोय. मला कळतं समोरचा कधी भाव करतोय आणि कधी नुसती मजा घेतोय. तो मजा घेत होता. मी चहा न घेता उठलो. दारात मेहुणी हळूच म्हणाली, भाऊजी, ताईला सांगा मी बोलवलंय. तिच्यावर माझा राग नाही.

बुधवारी मी बायकोला ओढूनच नेलं. शेवटचा प्रसंग आला. तो भाऊ आईच्या खाटेजवळ बसतो, दोर हातात घेतो. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला, मागून कुणीतरी शिट्टी मारली, सगळं थिएटर एकदम हललं. माझी बायको पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. तीन वर्षं ती या दोन मिनिटांसाठी थांबली होती. त्या अंधारात तिच्याशिवाय हे कुणाला आधी कळलेलं नसायला हवं होतं. आणि तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी कळायला हवं होतं, गुडघ्याच्या तेलाच्या मागून नाही. बाहेर आल्यावर मी म्हणालो, गाठ तू बरोबर पाहिली होतीस. ती म्हणाली, रिक्षा बघा.

मग मी कामाला लागलो. साडू आणि मेहुणी एक मालिका बघतात, खुनाची, दर रविवारी एक भाग, जेवण झाल्यावर. पंधराएक भाग झालेत, निम्म्यावर आहेत. मी दुकानात गिऱ्हाईक नसताना ती अख्खी पाहून काढली, दुप्पट वेगाने. मला खुनी माहीत आहे. त्याचं नाव मी मेसेजमध्ये लिहूनही ठेवलंय, वर गुडघ्याची चौकशीसुद्धा केली आहे. बोट ठेवायचं बाकी होतं. पण बाजूला मेहुणी बसलेली असते, आणि ज्याने आपलं काही बिघडवलं नाही त्याचा रविवार मारायचा हे मला जमलं नाही. मेसेज पुसलेला नाही.

त्यापेक्षा चांगलं हत्यार माझ्याकडे आहे. ग्रुपवर मागे मागे जात मी तीन वर्षांपूर्वीचा बायकोचा मेसेज शोधून काढला, दीड मिनिटाचा, तिच्या आवाजात, अहिराणीत. गाठीचं सगळं त्यात आहे, भाऊ कोणता तेही आहे, आणि शेवटी म्हणते, “मना शब्द ध्यानमा ठेवा.” माझे शब्द लक्षात ठेवा. त्याच्याखाली साडूची हसणारी आठ तोंडं आहेत. हा मेसेज मी पुन्हा वर आणला की तो संपला.

पण मला तो आणता येत नाही. आमचा चलथाणवाला अजून बाकी आहे. कारखान्यात गाळप चालू आहे, तो बॉयलरवर असतो, आत फोन नेता येत नाही आणि हंगाम संपेपर्यंत त्याला सुट्टीही नाही. त्या सोमवारी तो बाहेर आला तेव्हा मेसेज पुसला गेला होता. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं. त्याने मला फोन केला आणि म्हणाला, दादा, काय झालं ते सांग, फक्त गोष्ट सांगू नको. या एका माणसासाठी मी दात आवळून बसलोय. म्हणूनच वर मी सिनेमाचं नाव लिहिलं नाही आणि बाहेर आलेला भाऊ कोणता तेही नाही.

पण साडू, तुला उत्तर द्यायला हंगाम संपायची गरज नाही. त्यात गोष्ट फुटत नाही. रविवारी तू आपल्या नावापुढे ‘पाहिला’ लिहिलंस. ते लिहायला तुला ती यादी उघडावी लागली, आणि माझ्या बायकोचं नाव बरोबर तुझ्या खालच्या ओळीत आहे. तेव्हा एवढंच सांग, आणि माझ्या दुकानात येऊन नको, ग्रुपवर, आठ घरांसमोर सांग. तिच्या नावापुढचं ‘बाकी’ तुला दिसत होतं की नव्हतं? आणि तीन वर्षं तू जे सांगत होतास ते तुझं होतं की तिचं?

मी रोज सकाळी ग्रुप उघडून बघतो. उत्तर दे.