पांढरा कुत्रा आणि खडीच्या ढिगावरचे शूर

पहिल्या नेमणुकीच्या गावी जाऊन मला चार-पाच महिने झाले होते. शेवगावच्या पुढे, कपाशीच्या रानांतलं गाव. तिथे जनावरांचा सरकारी दवाखाना होता आणि दवाखान्यात मी डॉक्टर होते. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, तरी बाई जनावरांची डॉक्टर असते हे त्या भागात कुणाला पटत नव्हतं. लोक गाय घेऊन यायचे, मला वरपासून खालपर्यंत बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर कुठं गेलेत?" माझ्या हाताखाली एक पन्नाशीचे ड्रेसर होते, जखमा धुणं-बांधणं करायचे. ते न चिडता सांगायचे, "ह्याच हायेत."

एका सकाळी जीप थेट दवाखान्याच्या आवारात घुसली. जनावर अडकवायच्या खोड्यात एक म्हैस बांधलेली होती, तिच्यामागे सात-आठ शेतकरी जनावरं धरून उभे होते. जीपमधून एक ठेकेदार उतरला. कालव्याची, रस्त्याची कामं घेणारा, खडीचं क्रशर असलेला. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि साखळीला पांढरा कुत्रा. रंग जुळवूनच घेतला असावा.

तसा कुत्रा मी फक्त कॉलेजच्या पुस्तकात बघितला होता. डोकं अंड्यासारखं, कपाळापासून नाकापर्यंत एकच उतार. डोळे बारीक, तिरके. कातडी जिथे तिथे गुलाबी. छाती एवढी रुंद की पुढचे पाय दोन वेगवेगळ्या कुत्र्यांचे वाटावेत.

"प्युअर इंग्लिश रक्त हाय," ठेकेदार म्हणाला. "पंजाबातनं आणलाय. वाघ हाय वाघ. ह्याचे कान कापायचेत, मुळापासून."

"कशाला?"

"झुंजीत दुसऱ्या कुत्र्याला धरायला काय घावू नये म्हणून."

हे त्याने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मी म्हटलं, हा आजार नाही, मी कान कापणार नाही, आणि कुत्री झुंजवणं हा गुन्हा आहे. तो हसला. माझ्याकडे न बघता ड्रेसरना म्हणाला, "बाईमाणूस हाय. रक्ताला भीत आसंल."

मी तेव्हा नुकतीच एका गाईच्या पोटातून मेलेलं वासरू काढून आले होते आणि माझा हात खांद्यापर्यंत धुवायचा राहिला होता. तो हात मी त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "रांगेत या, नाहीतर जा." तो गेला. पांढऱ्या बुटांनी शेण चुकवत चालणारा माणूस फार रुबाबदार दिसत नाही.

त्या रविवारी मी भिंगारला घरी गेले. माझे वडील मिलिटरीच्या एका स्टोअरमध्ये कारकून होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. ऑफिसर लोकांच्या मेसमधून रद्दीत निघालेली जुनी इंग्रजी मासिकं आणि पुस्तकं त्यांनी आयुष्यभर घरी आणून वाचली. मी कुत्र्याचं वर्णन केलं आणि त्यांनी लगेच ओळखलं.

"बुल टेरियर. ह्याचा इतिहास लई घाण आहे बरं का," असं म्हणून त्यांनी चहा बाजूला ठेवला.

इंग्लंडात पूर्वी बैल खुंट्याला बांधायचे आणि त्याच्यावर कुत्री सोडायचे. बैलाच्या नाकाला जो लोंबकळून राहील, तो चांगला कुत्रा. लोक बायकापोरांसह बघायला जमायचे. पुढे कायद्याने ते बंद झालं. पण बैल लपवता येत नाही, कुत्रा लपवता येतो. मग गुत्त्यांच्या मागे खड्डे करून त्यात कुत्र्यावर कुत्रा सोडायला लागले. बैलावर जाणारा कुत्रा जड आणि मंद, म्हणून त्याला उंदीर मारणाऱ्या चपळ टेरियरशी जुळवला. पुढे कुणा शौकिनाने त्यातूनच लांब तोंडाचा पांढराशुभ्र वाण काढला आणि तो सभ्य गृहस्थाने रस्त्यावर मिरवायचा कुत्रा झाला. गोऱ्या साहेबांबरोबर तो बोटीतून इकडे आला. छावण्यांमधून तो वरच्या, पंजाबाकडच्या मुलखातल्या जमीनदारांकडे गेला, आणि त्यांनी आपल्याकडच्या कुत्र्यांशी जुळवून पुन्हा झुंजी सुरू केल्या.

"गोरे गेले," वडील म्हणाले, "पण त्यांचा रिकामटेकडेपणा उचलायला आपली माणसं टपलेलीच होती."

मी म्हटलं, आपल्याकडे एडक्यांच्या टकरी होतातच की. ते म्हणाले, "होतात. म्हणून तर गोऱ्यांचं आपल्याला इतकं पटतं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला पुस्तकात मिळाली नव्हती. त्या खड्ड्यात कुत्र्यांबरोबर माणसंही उतरायची, कुत्री सोडवायला, पुन्हा सोडायला. म्हणून माणसाला चावेल तो कुत्रा तिथल्या तिथे मारून टाकायचे. त्याची वीण पुढे चालू द्यायची नाही. पिढ्यानपिढ्या असं केल्यावर जो कुत्रा उरला, तो आपल्या जातीच्या कुठल्याही जनावराचा गळा धरील, पण मालकाने मार मार मारलं तरी दात लावणार नाही.

"आणि ह्याला म्हणतात इमान," वडील म्हणाले. "तुझ्या पणज्यालाही गाव इमानीच म्हणायचं. चावडीच्या बाहेर उभं करून."

आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेनंतर पणजोबांच्या इमानाबद्दल कुणी कौतुकाने बोलत नसे.

पंधरा दिवसांनी ठेकेदाराचा ड्रायव्हर कुत्र्याला घेऊन आला. कुणीतरी वस्तऱ्याने कान छाटले होते. जखमा सडल्या होत्या आणि डाव्या कानात अळ्या झाल्या होत्या. वासामुळे ड्रायव्हरने जीपच्या काचा उघड्या ठेवल्या होत्या. मी आणि ड्रेसरनी तासभर बसून एकेक अळी चिमट्याने काढली. भूल देण्याइतकी त्याची तब्येत नव्हती. तो थरथरत होता, मधूनच कण्हत होता, आणि माझा हात तोंडाजवळ आला की चाटत होता.

"शेठ न्हाई आले?" ड्रेसरनी विचारलं.

"त्यास्नी वास सहन व्हत न्हाई," ड्रायव्हर म्हणाला.

सात दिवस तो त्याला पट्टी बदलायला आणत राहिला. त्याच्याकडूनच कळलं की कुत्र्याला दिवसभर क्रशरवर टांगलेल्या टायरला दातांनी लोंबकळायला लावतात, आणि बघायला शेठचे मित्र खुर्च्या टाकून बसतात.

त्याच महिन्यात गावाजवळच्या रानात मेंढपाळांचा तळ पडला होता. मी मेंढ्यांना लसी टोचायला गेले होते, तेव्हा ठेकेदार जीप घेऊन तिथे आला. एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे एक करड्या रंगाचा उंच कुत्रा होता, मानेवर लांडग्याच्या दातांचे जुने व्रण असलेला. ठेकेदाराला त्याच्याशी झुंज लावायची होती. तो बराच वेळ बोलला: नाव होईल, लोक लांबून बघायला येतील, हवं ते देतो.

मेंढपाळ एका मेंढीचा खूर साफ करत होता. त्याने वर बघितलं नाही.

"शेठ, माजं कुत्रं मेंढरं राखतं. त्याला भांडायला सवड न्हाई."

"भितोस काय?"

"तुमच्या कुत्र्याला काम काय हाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

 ठेकेदार जीपमध्ये बसला आणि निघून गेला. मेंढपाळाच्या बायकोने तोंडाला पदर लावला, पण हसू लपलं नाही. मलाही लपवावंसं वाटलं नाही.

शेवटी ठेकेदाराला नगरकडचा एक तसलाच हौशी मिळाला, तसलाच कुत्रा असलेला. माझ्या कानावर काहीच आलं नव्हतं. एका रविवारी दुपारी ड्रायव्हर धावत माझ्या खोलीवर आला. "म्याडम, चला, गाय आडलीय." मी पिशवी घेऊन जीपमध्ये बसले. जीप क्रशरवर जाऊन थांबली. तिथे गाय नव्हती.

चाळीसेक माणसं होती, आणि ती सगळी खडीच्या ढिगावर चढलेली होती. खाली मोकळ्या जागेत पांढऱ्या कुत्र्याने दुसऱ्या, तपकिरी कुत्र्याची मान धरली होती. दोघेही उभे नव्हते, आडवे पडलेले होते. आवाज अजिबात नव्हता. मला वाटलं होतं भुंकणं, गुरगुरणं असेल. फक्त नाकातून ओढलेल्या श्वासाचा आवाज येत होता.

"सुटंना झालाय!" तपकिरी कुत्र्याचा मालक ढिगावरून ओरडला. "मरंल माजा! सोडवा की कुणीतरी!"

दोघा मालकांचं ठरलं होतं म्हणे, एक जण 'बास' म्हणाला की थांबवायचं. बास म्हणून झालं होतं. पण खाली उतरून थांबवायचं कुणी, हे ठरलं नव्हतं. आमचा ठेकेदार ढिगाच्या अगदी टोकावर होता. त्याच्या पांढऱ्या बुटाखालची खडी घसरत होती आणि तो पुन्हा पुन्हा वर चढत होता.

"म्याडम, इंजेक्शन द्या, इंजेक्शन!" तो वरून म्हणाला.

"तुमचा वाघ आहे ना? या खाली, धरा."

"मला वळकणार न्हाई आता तो!"

मी फावडं मागितलं. ड्रायव्हरने आणून दिलं. मी त्याला म्हटलं, पांढऱ्यावर पाय टाकून बस आणि दोन्ही गुडघ्यांनी बरगड्या दाबून धर. तो घाबरला होता, तरी बसला. फावड्याचा दांडा मी पांढऱ्या कुत्र्याच्या दाढांच्या फटीत घातला आणि पिरगाळला. माझी बोटं त्याच्या दातांपासून दोन बोटांवर होती. त्याने डोळा फिरवून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या पिळाला जबडा सुटला. त्याने ठरवलं असतं तर माझा हात मनगटापासून गेला असता. तो मला चावला नाही. वडील म्हणाले होते ते इमान हेच.

तपकिरी कुत्रा पाच मिनिटांत मेला.

पांढऱ्याच्या गळ्यात साखळी अडकवल्यावरच माणसं खाली उतरली. पुढचा उजवा पाय चावून चावून हाडापर्यंत उघडा झाला होता, तरी तो त्या पायावर उभा राहून ठेकेदाराकडे बघत शेपूट हलवत होता. ठेकेदाराने लांबूनच हात उंचावला. "जिंकला! जिंकला का न्हाई?" मग त्याचं लक्ष पायाकडे गेलं. "हा बरा व्हईल का?"

"लंगडा राहील."

"मग काय उपेग? तुमीच घिवून जावा."

मी तिथे सगळ्यांदेखत काय काय बोलले ते लिहीत नाही. शिव्या मला भिंगारच्या बाजाराने चांगल्या शिकवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी चौकीवर तक्रारही दिली. जमादारांनी ती टेबलावर ठेवून तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "बाई, हितं माणसांच्या मारामाऱ्या आवरंनात."

कुत्र्याला दवाखान्याच्या मागे बाभळीला बांधलं. पाय भरून यायला महिना गेला. माणसांशी तो इतका मऊ होता की लसीला जनावरं घेऊन आलेल्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. ड्रेसर त्याला घरची भाकरी आणायचे. ठेवून घेता का म्हणून मी मेंढपाळांना विचारून बघितलं. म्हातारा म्हणाला, "पोरी, त्याला माणसानं नासवलंय. माज्या कुत्र्यात न्हाई चालायचा." वडिलांना विचारलं, तर ते पत्रात फक्त एवढंच म्हणाले की भिंगारमध्ये गल्लीत कुत्री फार आहेत.

मला वाटत होतं, मी त्याला सुधारीन. पुस्तकं वाचलेल्या माणसाला असं वाटतंच. एका सकाळी ड्रेसर भाकरी घेऊन आले तेव्हा त्यांची म्हातारी कुत्री त्यांच्या मागोमाग आली, रोज यायची तशीच. साखळीचं कडं तुटलं. आम्ही दोघं दहा पावलांवर होतो, आणि तेवढ्यात झालं. ड्रेसरनी आपली मेलेली कुत्री उचलून पोत्यावर ठेवली. पांढरा कुत्रा शेपूट हलवत त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी त्याला मारलं नाही.

"म्याडम, आता काय ते करा," एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी मी ते केलं. पट्ट्या बदलताना पाय पुढे करायची त्याला सवय लागली होती. मी सिरींज घेऊन खाली बसले आणि त्याने आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवला. ठेकेदाराबद्दल माझ्या मनात किळस होतीच. त्या दुपारी तिच्यातला थोडा वाटा माझ्याही नावावर आला, आणि तो अजून तसाच आहे. ड्रेसरनी दोन्ही कुत्र्यांसाठी बाभळीखाली खड्डे खणले, वेगवेगळे.

पुढच्या वर्षी ठेकेदाराची म्हैस व्याल्यावर पडली म्हणून मला त्याच्या बंगल्यावर जावं लागलं. म्हशीला सलाईन लावून हात धुवायला आत गेले, तर बैठकीत कुत्र्याचा मोठा फोटो, फ्रेम केलेला, त्याला हार. आलेल्या पाहुण्यांना तो सांगत होता, "झुंजीतच मेला. जिंकून मेला. मरंस्तोवर सोडलं न्हाई त्यानं."

मी हात पुसत म्हटलं, "तो माझ्या दवाखान्यात, माझ्या हाताने मेला. झुंजीच्या वेळी तुम्ही ढिगावर होता, म्हणून तुम्हाला नीट दिसलं नसेल."

 ठेकेदार माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "म्याडम, झालं गेलं. लोकान्ला कशाला सांगायचं?"

माझी बदली व्हायला त्यानंतर दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत दवाखान्याच्या बाकावर जो बसला, त्याला मी सगळं सांगितलं: पांढरे बूट, घसरणारी खडी, सगळं. जे ऐकत नव्हते त्यांना ड्रेसर सांगायचे, आणि ते माझ्यापेक्षा फार चांगलं सांगायचे.