केबलच्या डब्यावर फुटलेला नारळ

ऐका मंडळी, आमच्या शहागडात आज अकलेचा दुष्काळ पडला.

रस्त्याकडेच्या खड्ड्यात फोनच्या केबलचा जोड झाकणारा काळा गोल डबा उघडा पडल्ता. माझ्या दिरानं त्याला देव समजून शेंदूर फासला, वर नारळ फोडला. डबा तडकला, आतल्या काचेच्या तारा तुटल्या अन् गावाचे सगळे फोन बंद!

तिकडं जालन्याच्या दवाखान्यात माझी लेक बाळंत होऊन राह्यली, अन् मला काहीच कळंना.

दुपारी केबलवाला आला. "मावशी, पाणी शिरू नये म्हणून सील केल्ता हा. एवढा मजबूत डबा फोडला कोणी?"

"आमच्या भक्तानं!"

जोड लागला, मंग लेकीचा फोन आला. "आई, सकाळीच नात झाली तुला."

दीर म्हणतो, "बघा वहिनी, पावला का न्हाई देव?"

सांगा आता, दुसरा नारळ कुठं फोडू?