सामना संपेपर्यंत

माझे वडील परदेशातल्या पुरुषांच्या संघांचे व्हॉलीबॉल कोच होते, असं सांगितलं की लोक आधी माझ्या उंचीकडे बघतात. मी धड पाच फूटही नाही. बाबूजीही काही ताडमाड नव्हते. शाळेत पीटीचे मास्तर, गोंदियाकडच्या गोरेगावजवळ आमच्या गावात थोडी धानाची शेती, आणि धान निघालं की गावाबाहेरच्या बांधीत, म्हणजे रिकाम्या खाचरात, दोन खांबांना ताणलेली जाळी. पोरांनी बॉलसाठी अंग झोकून दिलं तर कोपर फुटू नये म्हणून ते त्या जमिनीवर धानाचा कोंडा पसरायचे. घरी येताना त्यांच्या केसांत कोंडा असायचाच, आणि माय त्यांना अंगणातच अडवायची.

"आधी झटका ते. मंग घरात या."

दिवसभर पोरांवर खेकसणारा माणूस मायपुढे मुकाट्याने डोकं खाली करून उभा राहायचा, आणि मायच पदराने ते केस झाडायची. मला तो कार्यक्रम फार आवडायचा.

बाबूजींचे नियम पुष्कळ, पण एक सगळ्या गावाला पाठ होता. सामना संपेपर्यंत खेळाडूला घरची वाईट खबर द्यायची नाही. खबर कोचला द्यायची, पुढचं कोच बघेल.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. मिठाईची दुकानं, आकाशपाळणा, नाटक, आणि आमच्या गावात व्हॉलीबॉलची फायनल. नव्याण्णव सालच्या मंडईत तो नियम मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या संघाचा लिफ्टर, म्हणजे जाळीजवळ उभं राहून मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा, कामठ्याचा होता. सामना ऐन रंगात असताना त्याचा काका मोटारसायकलवरून आला आणि बाबूजींच्या कानाशी काहीतरी बोलला. बाबूजींनी मान हलवली, काकाला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा पोरांवर ओरडायला लागले. आम्ही जिंकलो. गळ्यात हार पडल्यावर त्यांनी लिफ्टरला बाजूला नेऊन सांगितलं की त्याचा बाप दुपारीच गेला. काका त्याला मागे बसवून घेऊन गेला. हार काढायचं कोणाला सुचलंच नाही.

"कोच असावा तं असा," गाव म्हणालं. मी अकरा वर्षांची, छाती फुगवून उभी होते.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आमच्या जिल्ह्यात ज्यांना कोणी संघ दिला नाही, त्यांना त्याच हिवाळ्यात एका आखाती देशाने तिकीट पाठवलं. कोचिंगचा डिप्लोमा करताना झालेल्या ओळखीतून कोणीतरी नाव सुचवलं होतं. आधी सहायक, मग मुख्य कोच. दर वर्षी वीस दिवसांसाठी यायचे. तिकडून फोटो यायचे : निळा कोट, छातीवर दुसऱ्याच देशाचा झेंडा, भोवती सहा-सहा फुटांचे गडी.

"कोंडा झटकता का नाही जी तिकडं?" माय फोनवर विचारायची.

"इथं लाकडाची जमीन आहे. कोंडा कुठला?"

"मंग मजा आहे तुमची."

फोन दर गुरुवारी यायचा आणि त्याचा क्रम ठरलेला होता. आधी पाऊसपाणी, मग माझा अभ्यास, मग "मायले दे". मायशी ते किती वेळ बोलायचे देव जाणे. मी मुद्दाम तिथंच रेंगाळायचे आणि माय मला हाकलायची. माणूस ओळखण्याचा बाबूजींना फार अभिमान. "पोरगा सर्विसच्या आधी बॉल कसा धरते, त्यावरूनच समजते मले, याच्या घरी काय चालू आहे ते," असं ते सांगायचे.

मी गोंदियाला बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मायचे डोळे पिवळे झाले. आमच्याकडे काविळीला आधी माळ. मुळीच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवतात. ती लांबत खाली आली की कावीळ उतरली म्हणतात. माळ लांबत गेली, गळ्यापर्यंत आली. कावीळ काही उतरली नाही. चार दिवस आम्ही त्या माळेकडे बघत बसलो, हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मग गोंदियाचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर गया है. पहले क्यों नहीं लाए?"

बाबूजींच्या संघाची त्याच आठवड्यात मोठी स्पर्धा होती. रविवारचा सामना जिंकला तर संघ पहिल्यांदाच शेवटच्या चारांत जाणार होता.

"इतवारी सामना आहे त्याहीचा," माय खाटेवरून म्हणाली. "त्याच्या आधी सांगू नोको. त्याहीचाच कायदा आहे ना."

मंडईच्या फायनलमधला तो लिफ्टर तेव्हा गोंदियातच एका राइस मिलमध्ये कामाला होता. रोज डबा आणायचा. तो मला म्हणाला, "फोन लाव. आज निघाले तं भेट होईल." मी मायकडे बघितलं. मायने नाही म्हणून मान हलवली. मग तो मायलाच म्हणाला, "काकी, मी खेळलो आहो असा सामना. मले विचारा ना." मायने तोंड भिंतीकडे वळवलं. मीही फोन लावला नाही. खरं सांगायचं तर मला थोडा गर्वच वाटत होता. बाबूजींच्या संघात मी कधी नव्हते. त्या दिवशी झाले.

गुरुवारी फोन आला. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर होते. पाऊसपाणी झालं, अभ्यास झाला. मी ठणठणीत आवाजात उत्तरं दिली. आता "मायले दे" म्हणतील, मग काय थाप मारायची, ते मनात घोळवत होते. पण ते म्हणाले, "बरं, ठेवतो आता." आणि ठेवलाही. वाचले बाई, असं मला वाटलं.

माय शनिवारी सकाळी गेली. अग्नी चुलत्याने दिला. रविवारी बाबूजींचा संघ जिंकला, आणि संध्याकाळी मी त्यांना फोन केला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"काल."

मग "येतो" म्हणाले.

ते मंगळवारी पोचले. भेटायला येणारे लोक आधी रडायचे आणि उठताना हळूच अभिनंदन करून जायचे. बाबूजी दोन्हीला सारखेच हात जोडायचे. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बापाची आणि मायची शेवटची भेट मी चोरली, ही गाठ पोटात घेऊन मी शिकले, नोकरीला लागले. मायची आठवण आली की तिच्यामागून ती गाठ यायची. तिच्यासाठी म्हणून निवांत रडणं मला कधी जमलंच नाही.

पुढे बाबूजी आणखी एका बेटांच्या देशात गेले, तिथूनही कप घेऊन आले. आठेक वर्षांनी गुडघे गेले तेव्हा कायमचे घरी परतले, आणि पहिल्याच हंगामात बांधीत खांब उभे केले. एका दुपारी मी त्यांचा चहा घेऊन तिकडे गेले. ते टोपल्याने कोंडा पसरत होते. काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले, "बाबूजी, त्या गुरुवारी मी सांगायले पायजे होतं."

ते पसरतच राहिले.

"तू हॅलो म्हटलं तेव्हाच समजलं होतं मले."

"काय समजलं होतं?"

"मायले दे म्हटलं काय मी त्या दिवशी?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हटलं असतं तं तुले सांगा लागलं असतं. मंग मले निघा लागलं असतं."

चहाचा कप मी बांधावर ठेवला. मला भयंकर राग आला होता. इतकी वर्षं हा माणूस दर गुरुवारी फोनवर, आणि आता रोज सकाळी समोर, माझी विचारपूस करत होता, आणि माझ्या पोटातली गाठ त्याला दिसली नसेल? बॉल कसा धरला त्यावरून ज्याला घर कळायचं, त्याला? मी तशीच घरी आले.

दिवस मावळायच्या सुमाराला बाबूजी आले. केसांत कोंडा होता. दार उघडं होतं, त्यांना कोणी अडवलं नव्हतं, तरी ते अंगणातच थांबले आणि डोकं खाली करून उभे राहिले.

मी दारात होते. "झटका ते" एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. ते माझ्याने म्हणवले नाहीत, आणि बाबूजी तसेच उभे राहिले.