फक्त माणसाचेच मेसेज

नागभीडच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला काकांनीच मला त्यांच्या मोटरसायकलवर नेलं होतं. ते आमचे नातेवाईक नाहीत. आई त्यांच्या शेतात रोवणीला आणि कापणीला जाते, एवढंच. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. तिथल्या खिडकीशी काय बोलायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. काका माझ्यासाठी बोलले. ते मी विसरले नव्हते.

म्हणून दिवाळीच्या सुटीत ते म्हणाले, "पोरी, तू कम्पुटर शिकून राह्यली नं? खळ्यावर डुकरं येऊन राह्यले. मले कॅमेरा लावून दे," तेव्हा मला बरंच वाटलं.

कॅमेरा मीही पहिल्यांदाच हातात घेत होते. माहितीपत्रक दोनदा वाचलं. काकांच्या घरचं वाय-फाय खळ्यापर्यंत जेमतेम पोचत होतं, म्हणून राउटर खिडकीत आणून ठेवला. कॅमेऱ्यासमोर मोबाइलवरचा कोड धरला, तो ओळखेना. ऊन पडत होतं म्हणून ओढणीची सावली केली, तेव्हा जोडला गेला. काकांना ईमेल नव्हता. खातं माझ्या नावानं उघडलं आणि त्यांच्या फोनवर चित्र दिसेल असं केलं.

दोन दिवसांनी ते पुन्हा घरी आले, तेव्हा आई दारातच बसली होती. "कुत्रं आलं तरी मेसेज, पान हाललं तरी मेसेज. फक्त माणसाचेच येऊ दे."

"मग डुकराचं कसं कळंल?" मी विचारलं.

"डुक्कर मले आवाजानंच समजते."

मला ते पटलं. मी सेटिंग बदलून दिली.

आमच्याकडे मळणी झाली की खळ्याभोवती सांडलेलं धान राबणाऱ्या बायांनी झाडून न्यायचं असतं. त्याला सरवा म्हणतात. त्यासाठी कुणी मालकाला विचारत नाही, आणि मालकही त्या बाजूला बघत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून काकांच्या खळ्यावरचा सरवा आणते.

मळणीनंतरच्या रविवारी मी घरी होते. काका अंगणात आले, सोबत शेजारची माणसं. त्यांनी फोन आईपुढे धरला. त्यात आई पदरात धान भरत होती.

"बाई, हे काय हाय?"

"सरवा हाय, भाऊ. दरसाली नेतो."

"दरसाली मले दिसत नव्हतं." मागे कुणीतरी हसलं. "आता नेलं ते ने. पुढं माझ्या खळ्यावर पाय ठेवू नको. अन् माह्यावर कायले रागावते? तुह्याच पोरीनं लावला कॅमेरा."

हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले, अगदी प्रवेशाच्या खिडकीशी बोलले होते त्याच आवाजात.

सगळे गेल्यावर आईनं विचारलं, "तुले माईत होतं?"

"नाई. मले डुकरांसाठी म्हणाले."

"मग माणसाचे मेसेज काऊन?"

तिनं सुपातलं सरव्याचं धान उचललं, खळ्यावर नेऊन ओतलं आणि परत आली.

खातं माझ्या नावानं आहे हे काकांच्या लक्षात नाही. त्या रविवारनंतर मी माझ्या फोनवरही मेसेज सुरू केले; कॉलेजात असतानाही ते मला येतात. आईचा शेतावरचा रस्ता त्या खळ्याच्या कडेनंच जातो. परवा वर्गात फोन थरथरला. बघितलं तर आई कॅमेऱ्याखाली थांबली होती. तिनं कमरेचा पदर सोडला, पसरला, दोनदा झटकला आणि पुन्हा खोचून निघून गेली. तिला वाटत असेल, बघणारे काका एकटेच आहेत.